लॅन येतं-जातं: कार्ड बदलण्याआधी हे तपासा

पावसाळा लागला की मला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "ताई, नेट येतंय नि जातंय." चिपळूण आणि आसपासच्या पतसंस्था, शाळांच्या लॅब, सीएंची ऑफिसं, दवाखान्यांचे काउंटर असे बरेच डेस्कटॉप मी सांभाळते. या तक्रारीवर ठरलेला सल्ला मिळतो: "लॅन कार्ड (संगणकातला नेटची केबल जोडायचा भाग) गेलंय, बदलून टाका." लोक बदलतात. चार दिवस बरे जातात, कारण कार्ड बदलताना केबलही काढून पुन्हा नीट खोचली गेलेली असते. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

मी उघडलेल्या मशीनमध्ये कार्डाची चिप खरोखर मेलेली क्वचितच निघाली. बिघडलेला असतो तो संपर्क, म्हणजे धातूला धातू टेकतो ती जागा. अशा जागा किती असतात ते मोजून पाहा. केबलच्या प्रत्येक टोकाला आठ पाती असतात. प्रत्येक पातं एका बाजूने तारेत रुतलेलं आणि दुसऱ्या बाजूने जॅकमधल्या स्प्रिंगला टेकलेलं असतं. दोन टोकं धरली की ३२ संपर्क झाले. कार्ड छोट्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये (कॅबिनेटच्या आत कार्ड खोचायच्या खाचेत) असेल तर तिथले आणखी ३६. यातला एखादाही सैल झाला, मळला किंवा गंजला तरी तक्रार तीच येते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या दमटपणात या जागा टिकवणं हेच आमचं निम्मं काम.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. फुकटातली तपासणी आधी आहे, स्क्रू ड्रायव्हर नंतर आणि खर्च सगळ्यात शेवटी.

लक्षणं

खालीलपैकी एक किंवा अनेक गोष्टी दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे:

- स्क्रीनवर मध्येच 'नेटवर्क केबल अनप्लग्ड' येतं आणि काही सेकंदांत आपोआप जातं.
- केबल हलवली की नेट सुरू होतं. टेबलाला धक्का लागला की बंद.
- शेअर केलेल्या डेटावर चालणारं अकाउंटचं सॉफ्टवेअर मध्येच अडकतं, पण मोबाइलवर वायफाय व्यवस्थित चालू असतं.
- गिगाबिट (१००० एमबीपीएसचं) कार्ड असूनही स्पीड १०० एमबीपीएसच दाखवतो.
- संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो.
- विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (उपकरणांच्या यादीत) कार्डावर पिवळं उद्गारचिन्ह येतं, किंवा कार्ड यादीतूनच गायब होतं.
- सकाळी मशीन लावल्यावर अर्धा-पाऊण तास त्रास, मग दिवसभर ठीक.

शेवटचं लक्षण कोणी आपणहून सांगत नाही. विचारावं लागतं.

आधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न: एकाच मशीनचं जातं की सगळ्यांचं? सगळ्यांचं एकाच वेळी जात असेल तर कार्डाचा विचार सोडा. स्विच (सगळ्या संगणकांच्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा), राउटर किंवा बाहेरून येणारी लाइन बघा. पाच संगणकांची पाच कार्डं एका सेकंदाला बिघडत नाहीत.

दुसरा प्रश्न: दिवसातल्या कोणत्या वेळी? एका पतसंस्थेतून रोज साडेदहा-अकराच्या सुमाराला फोन यायचा. तीन दिवसांनी मी मुद्दाम दहा वाजताच जाऊन बसले. मावशी झाडू मारायला आल्या. काउंटरखाली झाडू घालताना भिंतीलगतची केबल दरवेळी एक बोटभर ओढली जात होती. कॅबिनेटमागच्या पिनेची, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लॅस्टिकच्या प्लगची, क्लिप कधीचीच तुटलेली. पिन पूर्ण निसटत नव्हती, नुसती मिलिमीटरभर मागे सरकायची. त्यानंतर काउंटरवरच्या काकांनी पाय लांब केले की नेट गेलंच. खिळा-क्लिपांनी केबल भिंतीला धरली, पिन नवी मारली आणि तक्रार थांबली. त्याआधी त्याच मशीनचं कार्ड दोनदा बदललेलं होतं.

सकाळी त्रास आणि दुपारी ठीक असं असेल तर ओलाव्याचा संशय घ्या. मशीन तापलं की आतला दमटपणा कमी होतो आणि मळकट संपर्क तात्पुरता काम करू लागतो. पावसात हे फार होतं. अशा वेळी खाली सांगितलेली स्लॉटची साफसफाई बहुतेकदा लागतेच.

पहिली तपासणी: मागचे दिवे

केबल जिथे खोचतो त्या जॅकपाशी सहसा दोन बारीक दिवे असतात. एक जोडणी झाल्याचा, दुसरा डेटा जातोय-येतोय ते दाखवत लुकलुकणारा. रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगावरून ठरवू नका. दिवा लागलाय का, स्थिर आहे का आणि केबल हळूच हलवल्यावर विझतो का, एवढंच पाहा. मग स्विचच्या टोकाला जाऊन तेच करा.

याला एवढं महत्त्व का, तर हा दिवा विंडोजच्या भरवशावर नसतो. पलीकडचं उपकरण तारेवरून ऐकू येतंय हे कार्डावरच्या चिपने स्वतः ठरवलेलं असतं. दिवा स्थिर असून नेट नसेल तर दोष बहुधा सेटिंगमध्ये किंवा पुढे कुठेतरी. दिवाच विझत असेल तर विंडोजशी झटापट करण्यात अर्थ नाही. तार, पिन, जॅक याच रांगेत शोधा.

दुसरी तपासणी: अदलाबदल, पण एका वेळी एकच

शेजारच्या चालू मशीनची केबल आणून लावा. चाललं तर तुमची केबल दोषी. नाही चाललं तर ती केबल परत करा आणि आता स्विचवरचा पोर्ट (केबल खोचायची खाच) बदला. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) तिन्ही एकदम बदलून 'झालं बुवा चालू' म्हणण्यात तोटा असा की नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि बिघडलेली वस्तू ड्रॉवरमध्ये जाऊन पुढच्या वेळी सुटा भाग म्हणून परत येते. काढलेल्या केबलवर चिकटपट्टी लावून तारीख आणि 'संशयित' असं लिहा. मी कात्रीने तिची पिनच उडवते, म्हणजे चुकूनही कोणी ती परत लावत नाही.

तिसरी तपासणी: पिन आणि तार

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त दोष मला इथेच सापडतात.

केबलमध्ये आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात. जुनं १०० एमबीपीएसचं नेटवर्क त्यातल्या दोनच जोड्या वापरतं, पात्यांचे क्रमांक १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडीवरून दोन्ही दिशांनी एकाच वेळी डेटा जातो. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली तर नेट बंद पडत नाही. गिगाबिट जमत नाहीसं पाहून बहुतेक कार्डं गुपचूप १०० वर उतरतात. वापरणारा म्हणतो, "हल्ली मशीन स्लो झालंय." त्यावर कोणी रॅम वाढवून देतो, कोणी विंडोज नवं टाकतो, आणि तुटलेली तार तिथेच राहते.

स्पीड पाहण्यासाठी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत एनसीपीए, टिंब, सीपीएल असं टाइप करा. इथरनेटवर दोनदा क्लिक केलं की स्पीड दिसेल. कार्ड आणि स्विच दोन्ही गिगाबिट असून १०० दिसत असेल तर आधी पिन तपासा.

पिन डोळ्यांसमोर धरा आणि पारदर्शक टोकातून आत बघा. आठही तारा अगदी पुढच्या भिंतीला टेकलेल्या दिसायला हव्यात. एखादी मागे राहिली असेल तर पातं तिच्यात नीट रुतलेलं नसतं. बाहेरचं प्लॅस्टिकचं वेष्टण पिनेच्या आत, दाबपट्टीखाली गेलेलं हवं. ते बाहेर राहिलं असेल तर केबलचा सगळा ताण बारीक तारांवर येतो. पात्यांवर हिरवट किंवा काळसर थर असेल तर पुसत बसू नका. पिन कापा आणि नवी मारा.

रंगांचा क्रम आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असा असतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी का बसवली असा प्रश्न नवीन मुलांना पडतो. मग ती 'नीटनेटका' क्रम लावतात: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, एकामागून एक, दोन्ही टोकांना सारखाच. केबल टेस्टरवर एक ते आठ सगळे दिवे लागतात आणि केबल पास होते. तरी ती चुकीचीच असते. कार्ड ३ आणि ६ ही पाती एक जोडी म्हणून वापरतं. या क्रमात ३ वर हिरव्या जोडीतली तार येते आणि ६ वर निळ्या जोडीतली. जोडीला पीळ दिलेला असतो तो बाहेरचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि कार्डाने तो वजा करावा म्हणून. वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा घेतल्या की पिळाचा उपयोगच संपतो. अशी केबल दोन मीटरवर बऱ्यापैकी चालते, पण वीस-तीस मीटरवर नेट येतं-जातं. स्वस्त टेस्टर फक्त तार इथून तिथे पोचते का एवढंच सांगतो, कोणती तार कोणाबरोबर पिळलेली आहे ते त्याला कळत नाही. एका शाळेच्या लॅबमधली अख्खी एक रांग मला याच कारणाने पुन्हा क्रिम्प करावी लागली, म्हणजे पिना नव्याने माराव्या लागल्या. पिना मारताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका.

आणखी एक खात्री करा. केबलच्या कापलेल्या टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी चकाकी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती ठिसूळ असते, दोन-तीनदा वाकवली की तुटते, आणि पिनेतल्या पात्याशी तिचा संपर्क काळाबरोबर बिघडत जातो. कोकणातल्या हवेत तर लवकरच. वारंवार पिना मारूनही तीच तक्रार येत असेल तर पिन मारणाऱ्याला बोल लावू नका, शुद्ध तांब्याची केबल टाका. लांबी कार्डापासून स्विचपर्यंत शंभर मीटरच्या आत हवी.

आणि उंदीर. छताच्या वरून गेलेली केबल एकदा हाताने चाचपत जा.

चौथी तपासणी: पत्ता आणि पिंग

काळी कमांडची खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग टाइप करा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच एक ठरवून घेतला. कार्ड निदान विंडोजला दिसतंय, एवढं यातून कळतं. इथे बरेच जण 'कार्ड खराब' म्हणून मोकळे होतात, ते चूक आहे.

पत्ता बरोबर असेल तर डिफॉल्ट गेटवेसमोरचा आकडा, म्हणजे राउटरचा पत्ता, घ्या. आता त्याला पिंग करायचं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघायचं. बऱ्याच घरी-ऑफिसात तो १९२.१६८.१.१ किंवा त्याच्या जवळपासचा असतो. पिंग, जागा, तो आकडा, जागा, आडवी रेघ आणि इंग्रजी टी असं टाइप करून एंटर दाबा आणि दहा मिनिटं तसंच चालू राहू द्या. थांबवायला कंट्रोल आणि सी. ऑफिसातल्या ऑफिसात तारेवरून जाणाऱ्या पिंगला साधारण एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर यायला हवं. मधूनमधून 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल तर केबल एका हाताने हळूहळू चाचपत जा आणि दुसऱ्या माणसाला स्क्रीन वाचायला सांगा. कुठे हात लागल्यावर तुटतं ते कळलं की दोष सापडला. 'जनरल फेल्युअर' आलं तर तो संदेश संगणकाबाहेरही पडलेला नाही. मग पुढची तपासणी करा.

गेटवेला पिंग अखंड चालतं, पण वेबसाइट उघडत नाहीत? मग कार्ड निर्दोष आहे. घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा गोल सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि ब्राउझर सुरक्षित साइट उघडायला नकार देतो. तो सीआर-२०३२ सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

पाचवी तपासणी: विंडोजच्या सेटिंग

हे भरभर उरका.

शट डाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे पूर्ण बंद करणं नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपल्या पोटातली काही स्थिती डिस्कवर ठेवून झोपतं आणि ड्रायव्हर त्याच अवस्थेत पुन्हा उठतो. म्हणून एकदा रीस्टार्ट करा. रीस्टार्टनंतर ठीक आणि शट डाउननंतर बिघाड असं दिसलं तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा.

डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, तुमचं कार्ड, पॉवर मॅनेजमेंट: वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण काढा. मशीन थोडा वेळ नुसतं पडून राहिलं की नेट जातं, ही तक्रार यानेच बऱ्याचदा सुटते. ॲडव्हान्स्डमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट किंवा ग्रीन इथरनेट असेल तर तेही बंद करून बघा. शांत वेळी कार्ड डुलकी घेतं आणि काही जुन्या स्विचशी त्याचं उठण्याचं वेळापत्रक जुळत नाही.

तिथेच स्पीड अँड ड्यूप्लेक्स बघा. ते ऑटोवरच हवं. कोणीतरी 'पक्कं' करावं म्हणून १०० फुल करून ठेवलेलं असतं. स्विच मात्र ऑटोवर असतो. समोरच्याने बोलणी केली नाहीत म्हणून तो हाफ (एका वेळी एकानेच बोलायचं) धरून चालतो. मग एक बाजू बिनधास्त बोलते आणि दुसरी तिच्या बोलण्याला टक्कर समजते. पिंग चालतं, मोठी फाइल मात्र रडत-रखडत जाते.

पिवळ्या उद्गारचिन्हावर दोनदा क्लिक करून कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, तो घाला. १० म्हणजे कार्ड सुरूच झालं नाही, आणि ४३ म्हणजे कार्डाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलं. १० आणि ४३ ला एकदा ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरचा घाला. तरी तेच आलं तर कॅबिनेट उघडायची वेळ झाली.

सहावी तपासणी: कार्ड काढून पुन्हा बसवणं

सीलबंद वॉरंटीचं मशीन असेल तर इथेच थांबा. बाकीच्यांनी पुढे वाचा.

मशीन शट डाउन करा आणि भिंतीवरचं बटण बंद करून वायरही काढा. नुसतं शट डाउन पुरत नाही. संगणक बंद असतानाही एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) पाच व्होल्टचा एक पुरवठा चालू ठेवतो. म्हणूनच बंद मशीनच्या लॅनचा दिवा कधी कधी लागलेला दिसतो. वायर काढल्यावर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि मगच कार्डाला.

आधी कार्ड आहे तसं, न काढता बाजूने बघा. सोनेरी पट्टी स्लॉटमध्ये सरळ रेषेत बसली आहे का? स्वस्त कॅबिनेटच्या पातळ पत्र्यात मला वारंवार दिसतं ते असं: मागच्या पट्टीचा स्क्रू आवळला की पट्टी खाली जाते आणि कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून केसभर वर उचललं जातं. स्क्रू घट्ट, कार्ड हलत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं नीट बसलंय. प्रत्यक्षात टोकाकडचे संपर्क जेमतेम टेकलेले असतात. मशीन तापलं-गार झालं, पंख्याची थरथर झाली की ते सुटतात. यावर उपाय सोपा आहे. स्क्रू काढा, कार्ड बोटांनी सरळ खाली दाबून बसवा, आणि मग पट्टीचं भोक पत्र्याच्या भोकावर आपोआप येतंय का पाहा. येत नसेल तर कार्ड बाहेर काढून पट्टीचा वाकवलेला कान पकडीने किंचित सरळ करा. स्क्रूने ओढून जुळवायचं नाही.

आता सोनेरी बोटं. सोनं गंजत नाही हे खरं, पण तो मुलामा फार पातळ असतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून दमट हवा खालच्या निकेल आणि तांब्यापर्यंत जाते आणि तिथला गंज वर येऊन पसरतो. उजेडात तिरकं धरलं की चकचकीत सोन्याऐवजी धुरकट डाग दिसतात. लिंट न सोडणाऱ्या कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एका दिशेने, कार्डाकडून टोकाकडे पुसा. पांढरं मऊ खोडरबर चालतं, पण अगदी हलक्या हाताने आणि तेही क्वचित. दर महिन्याला रबर घासलं की मुलामाच निघून जातो आणि मग ते कार्ड कायमचं आजारी पडतं. शाई खोडायचं खरखरीत रबर अजिबात नको. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. स्लॉट ब्लोअरने झटका, तोंडाने फुंकू नका. फुंकरीत थुंकीचा ओलावा असतो.

मशीन लावण्यापूर्वी अल्कोहोल पूर्ण उडू द्या.

सातवी तपासणी: दुसरा स्लॉट, दुसरं मशीन

तरी नाही? कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये लावा. छोटं एक्स-१ कार्ड लांब एक्स-१६ स्लॉटमध्येही चालतं. जुन्या पांढऱ्या पीसीआय स्लॉटचं कार्ड मात्र एक्सप्रेसमध्ये बसत नाही, जबरदस्ती करू नका. मग तेच कार्ड दुसऱ्या चालू मशीनमध्ये लावून बघा. तिथेही तसंच वागलं तर कार्ड गेलं, हे आता तुम्ही पुराव्यानिशी म्हणू शकता. तिथे चाललं तर तुमचा स्लॉट किंवा विंडोज दोषी.

या दोघांत निवाडा करायला लिनक्सचा पेनड्राइव्ह कामी येतो. उबुंटू पेनड्राइव्हवरून 'ट्राय' म्हणून सुरू करा, हार्ड डिस्कला हात लागत नाही. लिनक्समध्ये अर्धा तास पिंग न तुटता चाललं तर हार्डवेअर निर्दोष आहे आणि विंडोजच्या ड्रायव्हरकडे परत जावं लागेल.

नवं कार्ड घेताना आधी कॅबिनेट उघडून कोणता स्लॉट रिकामा आहे ते बघून जा. कॅबिनेट बुटकं असेल तर छोटी पट्टीही सोबत येते का विचारा. काम अडलं असेल तर यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर तेवढ्यापुरता उत्तम. तो यूएसबी तीनच्या पोर्टला लावा. यूएसबी दोनचा कमाल वेग ४८० एमबीपीएस, तिथे गिगाबिट मिळणार नाही.

आणि ही गोष्ट आधीच लिहून ठेवा. प्रत्येक कार्डाला स्वतःचा, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांचा फिजिकल ॲड्रेस असतो, त्यातल्या पहिल्या तीन जोड्या बनवणाऱ्याची ओळख सांगतात. कार्ड बदललं की तो बदलतो. काही ठिकाणी इंटरनेट देणारे केबलवाले जुन्या क्रमांकाशी कनेक्शन बांधून ठेवतात, काही सॉफ्टवेअरचं लायसन्सही त्याच क्रमांकाला जोडलेलं असतं. नवं कार्ड घातलं, दिवे लागले, पण नेट नाही किंवा सॉफ्टवेअर लायसन्स मागतंय, तर कार्ड परत करायला धावू नका. केबलवाल्याला किंवा सॉफ्टवेअरवाल्याला नवा क्रमांक कळवा. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, जागा, तिरकी रेघ, ऑल टाइप केलं की तो दिसतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर संगणकवाला नको, वायरमन बोलवा. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या गाळणीतून पत्र्यावर शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. प्रवाह थोडा असतो, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. हाच दाब केबलच्या वाटेने कार्ड आणि स्विचला त्रास देत राहतो. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत कार्डं बदलत राहाल. आणि हे काम स्वतः करायचं नाही.

जळका वास, फुगलेले कपॅसिटर, काळवंडलेली चिप, किंवा हात लावता येऊ नये इतकं तापलेलं कार्ड: मशीन पुन्हा चालू करू नका.

विजांच्या कडकडाटानंतर बिघाड झाला असेल तर नुसतं कार्ड बदलून भागत नाही. जॅकमागच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन १५०० व्होल्टच्या चाचणीला टिकेल असं असतं, पण जवळ पडलेल्या विजेपुढे ते काहीच नाही. मदरबोर्ड, स्विचचा पोर्ट, पलीकडचं मशीन अशी सगळी साखळी तपासावी लागते. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल उघड्यावरून गेली असेल तर ती काढून फायबर टाकून घ्या. फायबरमधून वीज येत नाही. वळीव सुरू होण्याआधीच हे काम करून घेतलेलं बरं.

सर्व्हरमधलं कार्ड काढण्यापूर्वी ते खरंच नेटवर्कचंच आहे ना, याची खात्री त्या सर्व्हरची माहिती असलेल्याकडून करून घ्या. डिस्क एकत्र बांधणारं रेड (आरएआयडी) कार्डही त्याच स्लॉटमध्ये बसतं आणि नवख्याला सारखंच दिसतं. ते चुकीच्या पद्धतीने हाताळलं तर संस्थेचा सगळा डेटा पणाला लागतो.

पुराचं पाणी शिरलेलं मशीन मुळीच लावून बघू नका. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा कितीतरी लोकांनी 'चालतंय का' म्हणून चिखलानिशी बटण दाबलं. नुसती भिजलेली मशीन पूर्ण धुऊन, अल्कोहोलने पुसून, आठवडाभर वाळवून काही वेळा वाचवता आली. ओली असताना वीज दिलेली बहुतेक गेली. हार्ड डिस्कही तशीच राहू द्या आणि डेटा काढून देणाऱ्याकडे पोचवा.

माणूस बोलावताना फोनवर एवढं सांगा: दिवा लागतो की नाही, स्पीड किती दाखवतो, पत्ता कोणत्या आकड्याने सुरू होतो, पिंगमध्ये काय लिहून येतं, डिव्हाइस मॅनेजरचा कोड, आणि दिवसातली वेळ. त्यावरून मी पिना आणि क्रिम्पिंग टूल घेऊन निघायचं की कार्ड, हे घरूनच ठरवते, आणि तुमची दुसरी फेरी वाचते.